शिकार करायचीय? जोतिबाला चला!

हातात बंदूक नाही, खिशात लायसन नाही आणि सोबतीला ऐंशी ओलांडलेले आबा. वीकेंडला काहीतरी हटके करायला निघालेल्या एका नवशिक्याची बदकांमागची ही धावपळ...

सुरुवात झाली एका ऑफिस कॉलवर. आमच्या टीममधला एक जण मिनेसोटात बसतो. ऑक्टोबरातल्या त्या कॉलवर तो भलताच खुशीत होता. का, तर ‘डक सीझन’ सुरू झाला होता आणि पठ्ठ्या चार दिवसांच्या सुट्टीवर निघाला होता. डेडलाइन डोक्यावर असताना! मी सहज विचारलं, “नवशिक्याला काय काय लागतं रे?” झालं, गाडी सुटली. लायसन, सरकारी डक स्टॅम्प, शॉटगन, छातीपर्यंत येणारे रबरी बूट, पाण्यावर सोडायची प्लास्टिकची नकली बदकं, बदकासारखा आवाज काढणारी शिट्टी, पाण्यात उडी मारून पाखरू आणणारा कुत्रा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पहिल्या वर्षी सोबत एक जाणता माणूस.

मला त्यातलं काय भावलं सांगू? पहाटे चार वाजता उठून थंडीत गप्प बसायचं. फोन नाही, मेल नाही, स्टेटस रिपोर्ट नाही. पुण्यातल्या माझ्या काचेच्या टॉवरमध्ये बसून मला त्या चिखलाचा चक्क हेवा वाटला. कॉल संपल्या संपल्या मी शोधायला लागलो, आपल्याकडे हे करता येतं का?

उत्तर दोन मिनिटांत मिळालं. नाही, म्हणजे अजिबात नाही! १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीवर लगाम घातला. तेव्हा बदकांसारख्या ‘छोट्या शिकारी’साठी लायसन मिळायचं, १९९१ च्या दुरुस्तीनं तीही वाट बंद झाली. आज रानबदक मारलंत तर तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पाखरू पहिल्या परिशिष्टातलं निघालं तर शिक्षा आणखी कडक. ‘एअरगननं काय होतंय’ असं म्हणणारा एखादा मित्र प्रत्येकाकडे असतो. त्यालाही सांगा, एअरगन असो नाहीतर गलोल, कायद्याच्या लेखी ती शिकारच.

आमचा ‘हटके वीकेंड’ असा सुरू व्हायच्या आधीच संपला. रात्री घरी कोल्हापूरला फोन केला तेव्हा गमतीत बाबांना हे सांगितलं. ते हसले नाहीत. एवढंच म्हणाले, “मग आबांना का विचारत नाहीस?”

आबांची अट

आबा म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. मला ते माहीत होते ते पान लावणारे, कुस्तीच्या मैदानाला न चुकता जाणारे आणि लग्नात जेवणाच्या पंगतीवर देखरेख करणारे आबा. ते शिकारी होते हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्यावर कुणी बोलायचं नाही. बाराबोरी बंदूक त्यांनी फार वर्षांपूर्वीच रीतसर जमा केली होती.

तसं कोल्हापूरला शिकारीचं वावडं कधीच नव्हतं. संस्थानकाळात इथं चित्ते पाळून काळविटांची शिकार व्हायची. ते चित्ते सांभाळणाऱ्या चित्तेवानांच्या गोष्टी अजून पेठांमध्ये सांगितल्या जातात. दाजीपूरचं जंगल तर राजेसाहेबांचं राखीव शिकारीचं रान. १९५८ मध्ये त्याचंच गव्यांसाठी अभयारण्य झालं, आणि आज राधानगरी अभयारण्य म्हणून ते पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे. शिकाऱ्यांनी राखलेलं रानच शेवटी वाचलं, असा हा उलटा न्याय!

दिवाळीत घरी गेलो तेव्हा आबांसमोर विषय काढला. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन एका डोळ्याचं झालंय, दुसऱ्याचं ते टाळतायत.

“बदकं मारायला शिकायचंय व्हय? येडा हाईस का? आत जाशील.”

“मारायचं नाही हो आबा. तुम्ही काय करायचा ते बघायचंय.”

थोडा वेळ ते काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “मारायचं सोडून बाकी सगळं शिकवतो. चालंल? आणि मी म्हणंन तवा उठायचं, मी म्हणंन तवा गप बसायचं.”

बॉस, आयुष्यात इतक्या स्वच्छ शब्दांत मला कुठल्याच मॅनेजरनं ब्रीफिंग दिलेलं नाही.

गुलाबी शिकारी

पहिला मुहूर्त मी ठरवला आणि तिथंच चुकलो. नोव्हेंबरातला रविवार. आबा म्हणाले होते, “रविवार देवाचा वार हाय, गर्दी असती.” पण सुट्टी रविवारीच ना!

पहाटे शिवाजी पूल ओलांडला तेव्हा पंचगंगेवर धुक्याची दुलई होती. दोन्ही बाजूंना ऊस, मधेच एखाद्या गुऱ्हाळाचा गोड वास. केर्ली फाट्याला वळलो की डोंगर समोर येतो. कोल्हापूरपासून जेमतेम सतरा-अठरा किलोमीटर. समुद्रसपाटीपासून उंची साधारण ३१०० फूट. कागदोपत्री गावाचं नाव वाडी रत्नागिरी, पण ते नाव घेऊन पत्ता विचाराल तर लोक तुमच्याकडेच बघत राहतील. इथं सगळा डोंगरच ‘जोतिबा’.

गुलाल, खोबरं आणि दवण्याची दुकानं ओलांडत पायऱ्या उतरलो की काळ्या बेसाल्टची देवळं दिसतात. सध्याचं मुख्य देऊळ १७३० मध्ये राणोजी शिंद्यांनी उभारलेलं. शेजारचं केदारेश्वराचं दौलतराव शिंद्यांनी १८०८ मध्ये. ग्वाल्हेरला जाऊन राज्य केलं तरी शिंद्यांनी कुलदैवत सोडलं नाही. दगड काळा आहे म्हणायचा, पण दिसतो गुलाबी. फरशी, खांब, पायऱ्या, कुत्री, माणसं, सगळ्यांवर गुलाल. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला उंचच उंच सासनकाठ्या नाचतात तेव्हा तर म्हणे हवासुद्धा गुलाबी होते.

“जोतिबाच्या नावानं चांगभलं!” असं कुणीतरी मागून ओरडलं आणि मूठभर गुलाल माझ्या नव्याकोऱ्या खाकी जॅकेटवर आला. खास या मोहिमेसाठी घेतलेलं जॅकेट! आबा गालातल्या गालात हसले, पण बोलले काही नाहीत.

दर्शनानंतर ते मला डोंगराच्या कडेला घेऊन गेले. पश्चिमेला पन्हाळा, खाली पंचगंगेचं खोरं, शेतांचे चौकोन. मी मोबाइल काढून पॅनोरमा घ्यायला लागलो.

“डोंगर नको बघू. पाणी बघ.”

मग दिसायला लागलं. ऊन वर येत होतं आणि हिरव्यात मधेच आरशाचे तुकडे चमकत होते. पाझर तलाव, शेततळी, ओढ्यावरचे बंधारे. आबांचा चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचा ‘सॅटेलाइट व्ह्यू’ हाच! शिकारीला निघायच्या आदल्या दिवशी ते इथं यायचे, देवाला हात जोडायचे आणि कडेला बसून कुठल्या पाण्यात किती जीव आहे ते बघायचे. उंचावरून पाणी नुसतं चमकत असेल तर तिथं काही नाही. पाण्यावर मिरी टाकल्यासारखे ठिपके दिसले तर समजायचं, पाहुणे आलेत.

एका छोट्या तलावावर मिरी होती. त्याचं नाव मी सांगणार नाही. कारण पुढं येईलच.

खाली उतरून बांधावर पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते. मी दुर्बीण डोळ्याला लावेपर्यंत अख्खा थवा उडाला आणि पाणी रिकामं! आबा बांधावर बसून पोट धरून हसत होते.

“मर्दा, एवढा गुलाबी मानूस बगून म्हसरं बी पळतील. पाखराला रंग दिसतो. आपल्यापेक्षा चांगला दिसतो.”

हे अगदी खरं आहे. पक्ष्यांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशींचे प्रकार आपल्यापेक्षा जास्त असतात, आणि आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाशही बऱ्याच पक्ष्यांना जाणवतो. त्यांच्या लेखी मी चालताबोलता निऑन बोर्ड होतो. धडा पहिला: आधी पाणी, मग देव. जोतिबा रागावत नाही.

वही

परतताना कोल्हापुरात जेवायला बसलो. पांढऱ्या रश्श्याची दुसरी वाटी संपवून आबांनी पिशवीतून एक वही काढली. पुठ्ठा गेलेली, दोऱ्यानं शिवलेली. आतमध्ये रकाने आखलेले: तारीख, ठिकाण, वारा, काडतुसं, पाखरं.

माझी नजर अर्थातच शेवटच्या रकान्यावर गेली. तीन, सात, शून्य, अकरा. सगळ्यात जास्त वेळा शून्य! पण आबांचं बोट ‘वारा’ या रकान्यावर होतं. तो एकदाही रिकामा नव्हता.

“वारा कळला त्याला बदक कळलं,” ते म्हणाले. मग त्यांनी ताटातल्या भाकरीचा तलाव करून मला समजावलं. बदक उतरताना आणि उडताना वाऱ्याला तोंड देतं, विमानासारखंच. म्हणून वारा आपल्या पाठीवर घेऊन बसायचं. उतरणारं पाखरू आपसूक आपल्याकडे तोंड करून येतं. आपल्याकडे हिवाळ्यात सकाळचा वारा बहुतेक पूर्वेकडून, आणि सूर्यही पूर्वेलाच. पूर्वेच्या काठावर बसलात की ऊन तुमच्या पाठीला आणि पाखराच्या अंगावर. रंग स्वच्छ दिसतात, पाखराचे डोळे मात्र दिपतात. बंदूकवाल्यासाठी शोधलेली ही युक्ती दुर्बीणवाल्यालाही तितकीच लागू!

मी बराच वेळ वही चाळत होतो. मग मनात घोळत असलेलं विचारलंच. “आबा, आता वाईट वाटतं का?”

वाटलं, डोळे पाणावतील, पश्चात्तापाचे दोन शब्द येतील. तसलं काही झालं नाही.

“चवीला झकास लागायची. खोटं कशाला बोलू? कायद्यानं लायसन हुतं, सीझन हुता, किती मारायची त्याला हद्द हुती. पर हिशोब चुकला आमचा. एवढी येत्यात म्हंजे येतच ऱ्हाणार, असं वाटायचं.” त्यांनी वही मिटली. “मी थांबलो ती कायद्याच्या आधी. पुण्य म्हणून न्हाई. तासंतास बसून पाखरूच येईना, तर बंदूक घिऊन काय करू?”

ही चूक एकट्या आबांची नव्हे. भरतपूरच्या केवलादेव तलावावर १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवसात व्हाइसरॉय लिनलिथगो आणि त्यांच्या पाहुण्यांनी ४,२७३ पाखरं पाडली. तो आकडा तिथं दगडावर अभिमानानं कोरलेला आहे. तोच तलाव १९८५ मध्ये जागतिक वारसा ठरला. आणि आपले सालिम अली? मुंबईच्या खेतवाडीत वाढलेला हा मुलगा एअरगननं चिमण्या टिपायचा. त्यातली एक गळ्यावर पिवळा ठिपका असलेली निघाली. ती कुठली, हे विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि भारताला पक्षिशास्त्रज्ञ मिळाला. थोडक्यात, पाखरं बघायच्या या छंदाच्या मुळाशी बऱ्याचदा बंदूकच सापडते.

मिनेसोटावाल्याचीही बाजू मांडायला हवी. तिकडे १९३४ पासून बदकांच्या शिकाऱ्याला दरवर्षी डक स्टॅम्प विकत घ्यावा लागतो आणि त्यातला जवळजवळ सगळा पैसा पाणथळ जागा राखण्यावर खर्च होतो. १९९१ मध्ये त्यांनी बदकांच्या शिकारीतले शिशाचे छर्रे बंद केले, कारण तळाशी पडलेले छर्रे खडे समजून गिळल्यानं बदकं विषबाधेनं मरत होती. त्याच वर्षी आपण शिकारच बंद केली. वाटा वेगळ्या, पण दुखणं एकच.

शीळ

दुसरी फेरी जानेवारीत. या वेळी मंगळवार, रीतसर रजा टाकून. कपडे मळखाऊ, गुलाल शून्य. साडेसहाला आम्ही पूर्वेच्या काठावर एका करंजाच्या झाडाखाली पोत्यावर बसलो होतो. आणि समोर? धुकं! तलाव नाही, पलीकडचा बांध नाही, काही नाही. माझी ८ बाय ४२ ची दुर्बीण (म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटरची भिंगं असलेली, नवशिक्यासाठी हीच घ्या) पांढरा पडदा आठ पट मोठा करून दाखवत होती.

“आबा, काहीच दिसत नाही.”

“दिसायला कशाला पायजे? ऐक.”

ऐकायला लागलो. आधी नुसती शांतता. मग कुठंतरी ‘टुबुक’, पाणडुबीनं बुडी मारल्याचा आवाज. मग खर्जातला ‘क्वॅक’. आबा पुटपुटले, “हळदीकुंकू.” मग डोक्यावरून पंखांची सळसळ आणि त्यासोबत बारीक, दोन सुरांची शीळ. एक, चार, दहा, मोजता येईनात इतक्या शिळा, धुक्यातून खाली खाली येणाऱ्या.

“अडई,” आबा म्हणाले. “रातभर भातात चरली, आता झोपायला आली.” त्यांनी डोळे मिटले होते. “पस्तीस-चाळीस असतील.”

एका डोळ्यानं धूसर बघणारा म्हातारा डोळे मिटून मोजतोय आणि मी महागडी काच धरून आंधळा! सव्वाआठला धुकं उठलं. मी मोजली. एकोणचाळीस. अंगावर काटा आला, खरंच.

मग आबांनी एकेकाची ओळख करून दिली. हळदीकुंकू बदक म्हणजे चोचीचं टोक हळदीसारखं पिवळं आणि कपाळाशी कुंकवाचे दोन लाल ठिपके. हे आपलंच, बारमाही. पावसाळ्यात इथंच अंडी घालणारं. अडईही आपलीच, तांबूस अंगाची, झाडाच्या ढोलीतसुद्धा घरटं करणारी. काळी कुळकुळीत आणि कपाळावर पांढरा टिळा लावलेली पाखरं बदकं नव्हेत, तो वारकरी. नाव ठेवणाऱ्याला सलाम! काठाशी तपकिरी रंगाची लहान बदकं होती. आबा म्हणाले, “ही भुवई. लांबनं आल्यात.” मध्य आशिया आणि सैबेरियातून हिमालय ओलांडून आलेली ही पाखरं. नराला म्हणे डोळ्यावर पांढरीशुभ्र भुवई असते. मला एकालाही दिसली नाही. कारण हिवाळ्याच्या सुरुवातीला नर मादीसारखाच मळकट पिसारा घालून असतो. भुवई उजळते फेब्रुवारीच्या सुमारास. नवशिक्यांनो, पहिल्या दिवशी सगळी बदकं तपकिरी दिसली तर खचू नका. चूक तुमची नाही, तारखेची आहे.

आणखी एक फंडा. उडताना बघा. पाण्यातून सरळ वर उसळी मारणारी बदकं उथळ पाण्यात डोकं खाली, शेपूट वर करून चरतात. पाण्यावर लांबवर धावत जाऊन मग उडणारी असतील, तर ती खोल बुडी मारणारी. पंचवीस पानं वाचून जे कळत नाही ते दोन सेकंदांत कळतं.

क्लिक

इथं थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण माझ्याकडे नवा कॅमेरा होता आणि अडईचा थवा चाळीस पावलांवर, ओळीनं, माना पंखात खुपसून. असली फ्रेम रोज मिळत नाही. आबांना डुलकी लागली होती. मी बांधाच्या आडून रांगत निघालो. दहा पावलं, बारा पावलं. क्लिक. अजून थोडं जवळ. क्लिक. एक मान वर आली, मग सगळ्या आल्या. मला ते कळलं. तरी मी आणखी एक पाऊल टाकलं.

एकोणचाळीस पाखरं एकदम उठली. त्यांच्या मागोमाग हळदीकुंकू, भुवई, सगळी. तलावावर दोन गिरक्या मारल्या, शीळ घालत, आणि पन्हाळ्याच्या दिशेनं निघून गेली. मी दणादण बटण दाबत होतो. फोटो मस्त आले. खरंच मस्त आले.

मागं वळलो तर आबा उभे होते.

“झोपलेलं पाखरू उठवलंस.”

“फोटोच काढला आबा. मारलं तर नाही ना.”

“मी मारायचो तवा निदान मला म्हाईत हुतं मी काय करतोय.” ते पोतं झटकून घडी करायला लागले. गाडीत बसेपर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही. गाडी कुशिऱ्याच्या पुढं आल्यावर ते एवढंच म्हणाले, “ह्ये पाखरू इथं ऱ्हात न्हाई आता चार दिस. आन् दुसरं पाणी हायच कुठं जवळ? तिथं गेल्यावर तिथला एकजण कॅमेरा घिऊन यील.”

मी पुण्याला आलो आणि ते फोटो लॅपटॉपवर उघडून बघितले. शेवटच्या फोटोत अडईचा डोळा अगदी स्पष्ट आलाय. ती कॅमेऱ्याकडे बघतेय. हजार लाइक मिळाले असते. अपलोड करायला हात गेला नाही.

नंतर कायदा पुन्हा नीट वाचला. त्यातली ‘शिकारी’ची व्याख्या नुसती मारण्याची नाही. पकडणं, सापळा लावणं, हाकारणं, आमिष दाखवणं, पाखरांची घरटी आणि अंडी यांना धक्का लावणं, हे सगळं त्यात येतं. कायदा लिहिणाऱ्यांना कॅमेरावाला अभिप्रेत नसेलही. मला मात्र माझंच वर्णन वाचल्यासारखं वाटलं. आबांच्या काळात दिवसाला काडतुसं मोजकी असायची, हंगाम संपायचा, बंदूक कपाटात जायची. माझ्या मेमरी कार्डात पाच हजार काडतुसं आहेत आणि सीझन बाराही महिने. वर तलावाचं लोकेशन टाकलं की पुढच्या रविवारी वीस जण हजर! म्हणून नाव सांगत नाही. राग मानू नका, जोतिबाच्या कडेवर उभे राहा आणि स्वतःची मिरी स्वतः शोधा.

आणि मग फेब्रुवारी

तिसऱ्यांदा जायला मला धीर होत नव्हता. फोन आबांचाच आला. “डोळ्याचं करून घेतलं दुसऱ्या. आता बगायचं म्हंतोय काय काय हुतं ते.”

फेब्रुवारीचा शेवट. ऊस तोडून नेलेली शेतं, हवेत पाचट जाळल्याचा वास. आम्ही त्याच करंजाखाली, त्याच पोत्यावर. कॅमेरा घरी. मी दीड तास हललो नाही. पायाला मुंग्या आल्या, नाकावर माशी बसली, एक मेंढरांचा कळप मागून गेला, मी तसाच. आबांनी दोनदा वळून बघितलं, मी जिवंत आहे ना म्हणून.

आणि मग भुवईची जोडी पोहत पोहत आमच्यासमोर आली. वीस पावलांवर. नराच्या तांबूस डोक्यावर, डोळ्यावरून मानेपर्यंत ओढलेली पांढरी रेघ. जोतिबाच्या पुजाऱ्यानं बोटानं ओढावी तशी. त्यानं चोच पाण्यात घातली, शेपूट वर केलं, पुन्हा सरळ झाला. आम्ही तिथं नव्हतोच त्याच्या लेखी.

आबांनी दुर्बीण घेतली. दोन्ही डोळ्यांना. बराच वेळ ते बघत राहिले.

“एवढ्या जवळनं जित्तं कधी बगितलंच न्हवतं,” ते हळूच म्हणाले. “हातात घेतल्यावरच बगायचो.”

बारानंतर डोंगर चढून वर गेलो. मंगळवार असल्यानं गर्दी नव्हती. दर्शन घेतलं, मनसोक्त गुलाल लावून घेतला. कडेला बसल्यावर आबांनी पिशवीतून वही काढून माझ्यापुढं धरली. शेवटच्या नोंदीखाली तीन-चार बोटं जागा होती. मी तारीख लिहिली. ठिकाण लिहिलं. ‘काडतुसं’च्या रकान्यात रेघ मारली. ‘पाखरं’मध्ये लिहिलं: भुवई दोन, हळदीकुंकू सहा, अडई अकरा.

“मोजून अकराच?” त्यांनी विचारलं.

“हो. जानेवारीत एकोणचाळीस होत्या.”

ते काही बोलले नाहीत. मग वहीवर बोट टेकवून म्हणाले, “वारा लिवला न्हाईस.”

तुम्हाला जायचंय?

*कसं जाल:* पुण्याहून कोल्हापूर साधारण २३० किलोमीटर. कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून जोतिबासाठी एसटी आहे. पण पहाटेसाठी स्वतःची गाडी बरी. मुक्काम कोल्हापुरात किंवा पन्हाळ्यावर.

*कधी:* नोव्हेंबर ते फेब्रुवारी. नर बदकांचे रंग बघायचे तर फेब्रुवारी उत्तम. चैत्रातल्या यात्रेपर्यंत बहुतेक पाहुणे परतीच्या वाटेला लागलेले असतात. रविवार आणि पौर्णिमा टाळा.

*काय न्याल:* ८ बाय ४२ ची दुर्बीण, मळखाऊ कपडे, बसायला पोतं, वही-पेन, पाणी. आणि शक्य असेल तर घरातलं एखादं जाणतं माणूस. विचारा तर खरं, कुणाकडे काय निघेल सांगता येत नाही!

*सराव कुठं:* जोतिबाच्या आधी शहरातच रंकाळा आणि कळंबा तलावाच्या काठावर एक सकाळ घालवा. वारकरी, पाणकोंबडी आणि हळदीकुंकू यांतला फरक जमला की पुढची वाट सोपी.

*कुणाला सांगाल:* दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते. जवळच्या पक्षिमित्र गटाला गाठा. तुम्ही मोजलेले आकडे तिथं कामाला येतात.

*काय टाळाल:* बांधावरून रांगत पुढं जाणं, ड्रोन, रेकॉर्ड केलेले आवाज वाजवणं, आणि तलावाचं लोकेशन टाकणं. मान वर आली की तिथंच थांबा. पाखरू उडालं तर तुमचा नेम चुकला.